ताज्या फळासोबत काय येईल? जोखीम तपासण्याची माझी पद्धत

फळ आयात करण्याच्या अर्जावर बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं: 'ताजा आंबा, खाण्यासाठी'. एवढ्यावर कसलीही जोखीम ठरवता येत नाही. देठासकट की देठ काढून? हिरवा तोडलेला की झाडावर पिकलेला? धुतलेला, घासलेला, मेण लावलेला, की बागेतून थेट पेटीत भरलेला? मी कीटकशास्त्राची. प्रयोगशाळेत फळमाश्या पाळण्यापासून सुरुवात केली आणि पुढे वनस्पती क्वारंटाइनच्या कामात आले. परदेशातून येणाऱ्या फळासोबत कोणती कीड, कोणता रोग शिरू शकतो आणि शिरला तर टिकेल का, हे तपासायचं काम. नव्यानं हात घालणाऱ्यांना मी आधी हेच सांगते: किडींची यादी नंतर करा, पहिल्यांदा फळ नीट बघा.

फळ बघायचं म्हणजे त्यातल्या लपायच्या जागा बघायच्या. मँगोस्टीनची जाड साल अखंड असेल तर फळमाशीला आत अंडी घालता येत नाहीत. पण त्याच्या देठाशी जी टोपी असते तिच्याखाली पिठ्या ढेकूण बसतात आणि त्यांच्यामागून मुंग्या येतात. रामबुतानच्या केसांत तेच. अननसाचा निम्मा प्रश्न त्याच्या शेंड्यात असतो. शेंडा कापून आणला तर पानांच्या बेचक्यांतली कीड तर जातेच, शिवाय तो शेंडा मातीत लावला जाण्याची वाटही बंद होते. लिचीत देठाच्या टोकाशी अळी, डुरियनमध्ये थेट बियांत. केळं टणक हिरवं असताना तोडलं तर बहुतेक फळमाश्यांच्या ते उपयोगाचं नसतं, मात्र घडात एखादं पिवळं पडलेलं किंवा साल तडकलेलं केळं राहिलं की हा सगळा युक्तिवाद ढासळतो.

म्हणून निर्यात करणाऱ्या देशाकडून तोडणीपासून पेटी बंद होईपर्यंतची प्रक्रिया मागवा, आणि जमलं तर लेखी वर्णनासोबत व्हिडिओही मागवा. 'फळं ब्रशनं स्वच्छ केली जातात' या वाक्यातून तो ब्रश देठाच्या खळगीत पोचतो की नाही, हे कळत नाही.

यादी कशी करायची आणि कशी कापायची

कामाचा सांगाडा ठरलेला आहे. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली जी मानकं निघतात, त्यांतलं दुसरं आणि अकरावं मानक कीड-जोखीम विश्लेषणाचं. जागतिक व्यापार संघटनेचा १९९५ पासून लागू असलेला एसपीएस करार (माणसं, प्राणी आणि वनस्पती यांच्या आरोग्यासाठी व्यापारावर घालायच्या बंधनांबद्दलचा) सांगतो की आयातीवरचं बंधन शास्त्रीय आधारावर हवं. तुमच्या अहवालाला आव्हान दिलं गेलं तर त्याच आधारावर दिलं जाईल, हे पहिल्या ओळीपासून लक्षात ठेवा.

त्या फळझाडावर निर्यातदार देशात नोंदलेली प्रत्येक कीड आणि प्रत्येक रोग लिहून काढा. ईपीपीओ या युरोपातल्या वनस्पती संरक्षण संघटनेचा डेटाबेस आणि कॅबी या शेतीविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेचा संग्रह ही सुरुवात, शेवट नव्हे. स्थानिक विद्यापीठांचे जुने अहवाल आणि संग्रहालयांतले नमुने हेही बघावे लागतात. यादी लांबलचक होते आणि नवखा माणूस घाबरतो. घाबरू नका, ती कापायचीच असते. कापायचे प्रश्न असे: ही कीड आपल्याकडे आहे का? असली तर सरकारी पातळीवर तिचं नियंत्रण चालू आहे का? ती फळावर किंवा फळात राहते का, की फक्त मुळांत, खोडात, पानांत? इथे जगू शकेल का? जगली तर नुकसान करेल का?

या टप्प्यावर जे खड्डे लागतात, त्यांतला पहिला नावांचा. २००३ मध्ये केनियात एक फळमाशी सापडली, २००५ मध्ये तिला बॅक्ट्रोसेरा इन्व्हाडेन्स असं नाव मिळालं, आणि २०१५ च्या सुमारास ठरलं की ती आशियातली जुनीच बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस आहे. पपईवरची म्हणून वेगळी मानलेली बॅक्ट्रोसेरा पपाये हीसुद्धा त्याच नावाखाली गेली. जुन्या नावानं शोधलंत तर निम्मे संदर्भ निसटतात. नव्या नावानं शोधलंत तर जुने आकडे हाती लागत नाहीत. प्रत्येक किडीची सगळी जुनी नावं एका रकान्यात लिहून ठेवायची सवय लावून घ्या.

दुसरा खड्डा 'यजमान' या नोंदीचा, म्हणजे कीड ज्यावर जगते आणि वाढते त्या झाडाच्या किंवा फळाच्या नोंदीचा. पिंजऱ्यात डांबलेल्या माशीला दुसरं काहीच दिलं नाही तर ती ज्या फळात एरवी अंडी घालणार नाही त्यातही घालते. म्हणून ३७ वं मानक नैसर्गिक यजमान, सशर्त यजमान आणि यजमान नसलेलं फळ असा भेद करतं. हास ॲव्होकाडोचं उदाहरण नेहमी दिलं जातं: झाडाला लागलेलं असताना ते काही फळमाश्यांना दाद देत नाही, तोडल्यावर मात्र त्याचा प्रतिकार कमी होत जातो. त्यामुळे तोडलेली फळं बागेत उघडी किती वेळ पडून राहतात, हा प्रश्न तिथे फळाच्या जातीइतकाच महत्त्वाचा.

आणि 'आपल्याकडे नाही' हे लिहिण्याआधी कुणी शोधलं होतं का, ते विचारा. नोंद नसणं आणि कीड नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे दोन्ही देशांना लागू होतं, आपल्यालाही.

किडीच्या मागे चालत जा

इथून खरं काम सुरू होतं. मी पाहिलेल्या बहुतेक कच्च्या अहवालांत यादीवर पन्नास पानं असतात आणि पुढच्या भागावर दोन. हे उलट हवं. फळ बंदरावर उतरलं, बाजारात गेलं, खाल्लं गेलं. एवढ्यानं किडीचं काहीच साधत नाही. तिला जिवंत राहून एखाद्या योग्य झाडापर्यंत पोचायचं आहे आणि तिथे वंश वाढवायचा आहे. ती वाट पावलापावलानं लिहा, कारण जोखीम ठरते ती खाल्लेल्या भागावर नाही, टाकलेल्या भागावर: साल, कोय, देठ, नासकं फळ.

आंबाच घेऊ आणि त्यातल्या चार पाहुण्यांच्या मागे जाऊ.

फळमाशी. मादी सालीखाली अंडी घालते. सुरुवातीला एक बारीक टोचा, तोही दिसला तर. अळ्या गर खात वाढतात, पूर्ण वाढल्या की फळ सोडून मातीत शिरून कोष करतात. आता मोजा. समजावण्यापुरते आकडे घेऊ: वर्षाला १० लाख आंबे आले आणि पॅकहाउसमधून (फळं निवडून पेट्यांत भरायच्या जागेतून) सुटलेल्या फळांत दर १०,००० मागे १ फळ अळीचं असेल, तर १०० फळं आत आली. त्यांतली बहुतेक कापल्यावर फेकली जातील आणि बंद पिशवीतून कचरा डेपोत जातील. २० मधलं १ जरी उघड्या खतखड्ड्यात किंवा झाडाखाली पडलं, तरी ५ फळं झाली. आणि एका फळात एकाच मादीच्या अनेक अळ्या असतात, त्यांत नरही असतात नि माद्याही. म्हणजे जोडी जमायला दुसऱ्या फळाची गरज नाही. शिवाय ही माशी आंब्यावर अडून बसत नाही; पेरू, पपई, लिंबूवर्गीय फळं, जे मिळेल ते चालतं. एक फळ पुरेसं ठरू शकतं, हे वाक्य फळमाशीच्या बाबतीत अतिशयोक्तीचं नाही.

कोयीतला भुंगा. मादी कोवळ्या फळावर अंडी घालते, अळी कोयीपर्यंत पोखरत जाते, आणि फळ वाढताना ती वाट बुजून जाते. बाहेरून फळ निर्दोष दिसतं. तपासनीस कितीही हुशार असला तरी कोय फोडल्याशिवाय कळणार नाही. ऐकून वाटतं, हा फळमाशीपेक्षा भयंकर. पण वाट चालून बघा. एका कोयीत सहसा एकच भुंगा असतो, त्यामुळे जोडीसाठी दुसरी कोय हवी आणि तीही जवळपास. त्याला आंब्याशिवाय दुसरं झाड चालत नाही. वर्षाला एकच पिढी. उडण्यात तो मंदच. याउलट त्याच्या बाजूनं दोन गोष्टी आहेत: प्रौढ भुंगा खाण्यावाचून महिनोन्‌महिने सुप्तावस्थेत काढू शकतो, म्हणजे हंगाम जुळला नाही म्हणून मरेल असं मानू नये, आणि आंब्याची कोय लोक हौसेनं लावतात. जिथे आंब्याच्या बागा आहेत तिथे ही जोखीम दखल घेण्याजोगी. जिथे आंब्याचं झाडच नाही तिथे जवळपास शून्य. एकच कीड, एकच फळ, आणि आयातदार बदलला की निष्कर्ष बदलतो. दुसऱ्या देशाचा अहवाल जसाच्या तसा उचलू नये तो यासाठी.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड या दोघांना अनेकजण एकाच परिच्छेदात उरकतात. मी उरकू देत नाही. खवले किडीची प्रौढ मादी जागची हलत नाही. फिरतात ती फक्त नुकती जन्मलेली पिल्लं, आणि सुकत चाललेल्या सालीवरून दुसऱ्या झाडावर पोचायला त्यांच्याकडे वेळ थोडा असतो. पिठ्या ढेकणाची मादी चालू शकते, शेकडो अंडी घालते, आणि अननसावरच्या गुलाबी पिठ्या ढेकणासारख्या काहींच्या बाबतीत नराचीही गरज नसते. त्यात मुंग्या त्यांची ने-आण करतात. पपईवरचा पिठ्या ढेकूण मेक्सिको-मध्य अमेरिकेतला. १९९० च्या दशकात तो कॅरिबियनमध्ये पसरला आणि २००८ मध्ये दक्षिण भारतात आढळला. यजमान वनस्पती असंख्य असल्या की अशी कीड कुठल्या वाटेनं आली हे नंतर शोधूनही हाती लागत नाही.

रोगांच्या बाबतीत मी थोडक्यात आटोपते, कारण फळातून रोग पुढे जाणं बहुधा अवघड असतं. आंब्याचा करपा जवळजवळ सगळीकडे आहे, म्हणून तो यादीतून आधीच गळतो. जिवाणूजन्य काळे डाग हे वेगळं प्रकरण, पण तिथेही कचऱ्यातल्या सालीवरचा जिवाणू पावसाच्या शिंतोड्यानं पानापर्यंत जायला हवा. जपान आणि अमेरिका यांच्यातला सफरचंदांचा वाद २००३ मध्ये याच मुद्द्यावर जपानच्या विरोधात गेला: पक्व, लक्षणं नसलेल्या सफरचंदातून फायर ब्लाइट हा जिवाणूजन्य रोग पसरतो याला पुरेसा पुरावा नव्हता. फळात जिवाणू असू शकतो एवढं दाखवून भागत नाही. त्याची पुढची वाट दाखवावी लागते. विषाणूंबाबत मात्र सोबत येणाऱ्या किड्याकडे बघा. फुलकिडा आपल्याकडे आधीच असला, तरी बाहेरून येणारा फुलकिडा जो विषाणू आणतो तो इथे नसू शकतो.

टाकाऊ भागाचा विचार करताना घरातल्या बादलीपाशी थांबू नका. घाऊक व्यापारी फळं पुन्हा निवडतात, पुन्हा भरतात, आणि नासलेली एका कोपऱ्यात लोटतात. हे गोदाम बागांच्या पट्ट्यात असेल, तर सगळ्या शहरांतल्या स्वयंपाकघरांपेक्षा ते एक आवार जास्त धोक्याचं. अर्जात हे नसतं. विचारावं लागतं.

टिकेल का, आणि टिकली तर काय

हवामान जुळवून बघण्यासाठी क्लायमेक्ससारखी साधनं आहेत. वापरा, पण नकाशावर विसंबू नका. नकाशात काचघरं नसतात, ओलिताखालच्या परसबागा नसतात. थंड प्रदेशात कीड हिवाळ्यात मरेल हे खरं असलं, तरी एका उन्हाळ्यातल्या दोन पिढ्याही तुमचा निर्यात बाजार बंद पाडू शकतात.

नुकसान लिहिताना पिकाच्या टक्केवारीपुरतं थांबू नये, ते याचसाठी. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स परिसरात पपईवरची फळमाशी सापडली. निर्मूलन पूर्ण व्हायला १९९९ उजाडलं. त्या काळात फळांच्या वाहतुकीवर बंधनं होती, आणि त्यांचा भार कीड न लागलेल्या बागायतदारांनीही उचलला. ओकिनावा बेटांवरून काकडीवर्गीय फळमाशी हटवायला जपानला १९७२ ते १९९३ इतका काळ नपुंसक केलेल्या माश्या सोडाव्या लागल्या. याउलट पपईच्या पिठ्या ढेकणावर ॲसेरोफॅगस पपाये ही चिमुकली परजीवी गांधीलमाशी सोडल्यावर बऱ्याच ठिकाणी तो आटोक्यात आला. तेव्हा परिणामांच्या रकान्यात 'उपाय उपलब्ध आहे का' हेही यावं. पण उपाय आहे म्हणून दार उघडं टाकू नये.

शक्यता शब्दांत सांगायच्या असतील तर ऑस्ट्रेलियाची शिडी बघण्यासारखी आहे: उच्च, मध्यम, कमी, फार कमी, अत्यल्प, नगण्य. प्रत्येक शब्दाला आकड्यांची चौकट आहे. 'कमी' म्हणजे ०.०५ ते ०.३. आणि एकामागून एक घडायच्या गोष्टी जोडल्या की शक्यता खाली येते, वर जात नाही: मध्यम आणि मध्यम मिळून 'कमी'. कुठल्याही अहवालात मी पहिल्यांदा हाच हिशोब तपासते. आणि शक्यता किती मालासाठी, किती काळासाठी, हे लिहिलं नसेल तर ती शक्यता निरर्थक आहे.

उपाय सुचवताना

आधी कोणताही उपाय नसताना जोखीम किती ते लिहा. ती मान्य पातळीच्या आत असेल तर उपाय मागायचा नाही. जास्त असेल तर जेवढी गरज तेवढाच. निर्यातदार देशात नेहमीच होणारी धुलाई-निवड ही मूळ प्रक्रियेचा भाग समजायची की उपाय, हे सुरुवातीलाच ठरवा. नाहीतर तिचं श्रेय दोनदा घेतलं जातं.

तपासणी हा सगळ्यांचा आवडता उपाय. ६०० फळांचा नमुना तपासला आणि काही सापडलं नाही, तर ९५ टक्के खात्रीनं म्हणता येतं की खेपेत किडकी फळं ०.५ टक्क्याहून कमी आहेत. ऐकायला छान. पण १० लाखांचे ०.५ टक्के म्हणजे ५,०००. शिवाय हे गणित तपासनिसाला कीड असली की दिसतेच असं धरून चालतं. सालीवरच्या पिठ्या ढेकणासाठी ठीक. फळाच्या आतल्या अळीसाठी नमुना कापावा लागतो, कोयीतल्या भुंग्यासाठी फोडावा लागतो.

प्रक्रियांचं तसंच. फळमाशीसाठी अमेरिकेत जाणारा आंबा ४६.१ अंश सेल्सिअसच्या पाण्यात, आकारानुसार ६५ ते ११० मिनिटं ठेवायची पद्धत आहे. कोयीतल्या भुंग्यासाठी तिचा भरवसा नाही. त्यासाठी विकिरण, म्हणजे फळांवर किरणांचा मारा. सर्व फळमाश्यांसाठी १५० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) ही किमान मात्रा २००९ पासून आंतरराष्ट्रीय मानकात आहे, आणि पतंगांचे कोष व प्रौढ वगळता बाकी कीटकांसाठी अमेरिका ४०० ग्रे धरते. एक गोष्ट बंदरावरच्या लोकांना आधी समजावून सांगा: विकिरणाचा हेतू कीड जागच्या जागी मारण्याचा नसतो, तिची वाढ किंवा प्रजनन थांबवण्याचा असतो. पेटीत जिवंत अळी दिसली म्हणजे प्रक्रिया फसली असं नाही. तिथे मात्रेच्या नोंदी तपासायच्या.

'प्रोबिट ९' हा शब्द तुमच्यासमोर शिक्क्यासारखा आपटला जाईल. अर्थ: ९९.९९६८ टक्के मृत्यू, म्हणजे १० लाखांत सुमारे ३२ जिवंत. ९५ टक्के खात्रीनं ते सिद्ध करायला सुमारे ९४,००० कीटकांवर प्रयोग करून एकही वाचला नाही असं दाखवावं लागतं. जिथे फळ मुळातच क्वचित किडतं तिथे एवढं कडक मानक मागणं अन्यायाचं. आणि जिथे निम्मी बाग किडलेली आहे तिथे तेही अपुरं पडू शकतं. माझं मत विचाराल तर मला त्या एका आकड्यापेक्षा बागेतल्या सापळ्यांच्या आठवड्यागणिक नोंदी जास्त सांगून जातात.

एकच जालीम उपाय नसेल तर उपायांची साखळी चालते: कमी प्रादुर्भावाचा प्रदेश, फळांना पिशव्या, ठरावीक पक्वतेला तोडणी, पॅकहाउसला जाळ्या. १४ वं मानक म्हणतं की यांतले किमान दोन उपाय एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. गफलत इथेच होते. 'बागेत पाहणी' आणि 'पॅकहाउसमध्ये पाहणी' हे दोन उपाय म्हणून मांडले जातात, पण आतली अळी दोन्हीकडे तितकीच नजरेआड राहते. पहिला फसला तर दुसरा का फसणार नाही, याचं एका वाक्यात उत्तर लिहिता आलं नाही, तर ते स्वतंत्र नाहीत.

प्रत्येक शेऱ्याशेजारी तो का दिला आणि कोणत्या माहितीवर, हे लिहा, आणि माहिती कच्ची असेल तिथे तसं म्हणा. अनिश्चितता झाकायला जोखमीचा आकडा फुगवायचा नाही. फाइल बंद झाली तरी ती पुन्हा कधी उघडायची ते शेवटच्या पानावर आताच ठरवून टाका: निर्यातदार देशात नवी कीड नोंदली गेली, मालाचं प्रमाण पटीत वाढलं, पॅकहाउस किंवा उतरण्याचं बंदर बदललं, किंवा खेपांत तीच कीड पुन्हा पुन्हा सापडू लागली. सापडलेला प्रत्येक नमुना प्रजातीपर्यंत ओळखून घ्या. अळीवरून जमत नसेल तर काही अळ्या प्रौढ होईपर्यंत बंदिस्त जागेत वाढवा, काही अल्कोहोलमध्ये ठेवा. 'फळमाशीची अळी' एवढी नोंद पुढच्या विश्लेषणात कुणाच्याच उपयोगी पडत नाही.